कोण वाजून राहिलं?

पांढरीपांडेकाका कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की चपला काढायच्या आधी रेडिओ लावतात.

गाणी ऐकायला नव्हे. खिशात मावेल एवढा जुना ट्रान्झिस्टर आहे त्यांच्याकडे. त्याचा काटा कुठल्याच स्टेशनवर नसतो. दोन स्टेशनांच्या मधे, जिथे नुसती खरखर असते, तिथे तो कायमचा लावून ठेवलेला आहे. तो छातीशी धरून काका हळूहळू घरभर फिरतात. खरखर वाढली की थांबतात, मान वाकडी करतात आणि यजमानाकडे संशयाने बघत विचारतात, "कोण वाजून राहिलं बे?"

आमची ओळख अशीच झाली. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आम्ही नवीन घरात राहायला गेलो त्या आठवड्यात बेल वाजली. दारात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, डोक्यावर कानटोपी, हातात खरखरणारा रेडिओ.

"मी पांढरीपांडे. मागच्या गल्लीत राहतो. मूळ नागपूर. तुमच्या घरात काहीतरी वाजून राहिलं."

"कुठे? मला तर काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं येईल? तुम्हाला येऊन राहिलं असतं तर मी कशाला आलो असतो?"

त्यांनी आमचं स्वयंपाकघर पालथं घातलं, हॉल पालथा घातला आणि शेवटी माझ्या टेबलापाशी थांबले. रेडिओ असा काही किंचाळला की मेधा, माझी बायको, बाथरूममधून बाहेर आली. लॅपटॉपचा स्वस्तातला चार्जर होता तो. मूळचा हरवला म्हणून ऑनलाइन मागवलेला. काकांनी तो शेपटीला धरून उंदीर उचलावा तसा उचलला.

"हा पाहा चोर. अर्धी गल्ली घाण करून राहिला."

"सॉरी," मी म्हणालो. "खरंच सॉरी. मला कल्पना नव्हती."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. मी काही केलेलं असतंच असं नाही. मागून पोलिसांच्या गाडीचा सायरन ऐकू आला की मी गाडी बाजूला घेतो, लायसन्स काढून हातात धरतो आणि ती गाडी कधीच पुढे निघून गेली तरी बराच वेळ तसाच बसून राहतो. ऑफिसात कुणाचाही कोड फुटला की पहिला मेल माझा जातो, माझ्यामुळे तर नाही ना झालं, म्हणून. मुलगी रिया कॉलेजात आहे, ती मैत्रिणींना सांगते, "माय डॅड वन्स अपॉलजाइज्ड टू अ पार्किंग मीटर." हे खरं आहे. माझा धक्का लागला होता त्याला.

तर अशा माणसाला काका भेटले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका प्रयोगशाळेत काढली होती. कुठलंही यंत्र बाजारात जाण्याआधी ते स्वतःशी किती बडबडतं हे मोजायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक विजेचं यंत्र बडबडतं म्हणे. मिक्सर, दिवे, टीव्ही, गाडीची किल्ली, सगळे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात सतत काहीतरी बरळत असतात आणि एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. ते किती बरळतात त्याला कायद्याची मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या दारात काका काठी घेऊन उभे होते. रिटायर झाल्यावर काठी सुटली, पण सवय गेली नाही.

माणसांनाही ते याच फूटपट्टीने मोजतात. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीबद्दल मी त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण शिल्डिंग नाही. जे आत येते ते सगळं बाहेर जाते." माझ्या साडूला एकदाच भेटले आणि निकाल दिला, "अर्थिंग नाही." आणि कुणाची खरी स्तुती करायची असेल तर एकच शब्द: "क्लीन."

मंडळाच्या गणपतीत एकदा गाण्याचा कार्यक्रम होता. गायिका चांगली होती, पण स्पीकरमधून एक बारीक गुणगुण येत होती. आम्हा कुणाला विशेष जाणवली नसती. काका उठले, स्टेजखाली रांगत गेले आणि दिवे मंद करण्याचं जे बटण असतं त्याची वायर उपटून बाहेर आले. गुणगुण थांबली. दिवेही गेले. काळोखातून काकांचा आवाज आला, "आता ऐका. आता बाई क्लीन येऊन राहिल्या." बाईंनी उरलेली बंदिश अंधारात म्हटली. प्रामाणिकपणे सांगतो, मी इतकं छान गाणं त्यानंतर ऐकलं नाही. पण मंडळाने पुढच्या वर्षी काकांना प्रसादवाटपाचं काम दिलं, स्टेजपासून लांब.

असा माणूस सोनं शोधायला लागला यात नवल नाही.

आमच्याकडून तीनेक तास पूर्वेला गेलं की सिएराच्या पायथ्याच्या टेकड्या लागतात. तिथल्या ओढ्यांतून एके काळी लोकांनी सोनं धुऊन काढलं. आता उरलंय ते कणाकणाने, दगडांच्या फटीत. त्यासाठी हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन जातात. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. चकती जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची आणि धातू आला की कानात सूर उमटतो.

"लोखंड ओरडते," काका समजावून सांगतात. "डबड्याचं झाकण बोंबलते. सोनं मात्र पुटपुटते. तांदळाच्या कणीएवढं सोनं, ते काय ओरडणार? म्हणून बाकी सगळ्यांनी गप्प राहिलं पाहिजे."

म्हणजे काकांनी आयुष्यभर ज्यासाठी काठी उगारली, त्या शांततेचं बक्षीस म्हणून सोनं मिळणार होतं. हिशेब सुंदर होता. अडचण एवढीच होती की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी घाटात गाडी चालवणं सोडलं होतं, आणि काकूंना घरी एकटं ठेवता येत नव्हतं.

कुमुदकाकूंनी इथल्या शाळेत पुष्कळ वर्षं गणित शिकवलं. फार हुशार बाई. गेल्या काही वर्षांत त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी किल्ल्या, मग नावं, मग रस्ते. एकदा इंडियन ग्रोसरीत काका कोथिंबीर निवडत होते तेवढ्यात काकू दुसऱ्याच बाईंची ढकलगाडी घेऊन बाहेर पडल्या. सापडल्या त्या बसस्टॉपवर, गाडीतल्या वांग्यांसकट, बसची वाट बघताना. काका त्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत. त्यांची मुलगी ओहायोत डब्लिनला असते. तिने लगेच आईसाठी गळ्यात घालायचं एक यंत्र पाठवलं. पदकासारखं दिसतं. आई कुठे आहे ते तिला तिथे बसून फोनवर कळतं.

मी स्वभावाप्रमाणे चार्जरचं प्रायश्चित्त म्हणून म्हणालो, "काका, मी नेत जाईन तुम्हा दोघांना. शनिवारी तसाही मोकळा असतो."

मोकळा नसतो. पण बोलून गेलो.

पहिल्याच शनिवारी ओढ्याकाठी पोचल्यावर काकांनी गाडीच्या डिकीतून प्रेशर कुकर काढला. मला वाटलं, खिचडी. तर नाही.

"फोन टाक यात. घड्याळ टाक. गाडीची किल्ली टाक."

"किल्ली टाकली तर गाडी लॉक कशी करणार?"

"उघडी राहू दे. इथे कोण अस्वल चोरून नेणार आहे तुझी गाडी?"

नागपूरहून आणलेला तो जाड अल्युमिनियमचा कुकर. त्याच्या आत टाकलेल्या यंत्राची बडबड बाहेर येत नाही. फक्त झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टीचं भोक, एवढ्यातून गळती होते, म्हणून काकांनी रिंगवर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुंडाळली होती आणि भोकावरही एक टोपी बसवली होती.

"पण काका, इथे फोनला रेंजच नाही. नुसता पडून आहे खिशात."

काकांनी माझ्याकडे शिक्षक ढ मुलाकडे बघतो तसं बघितलं.

"रेंज नसली की फोन गप्प बसते असं वाटते का तुला? उलट जीव खाऊन बोंबलते ते. 'टॉवर, अरे टॉवर, कुठं आहेस रे?' जितकं कोणी ऐकत नाही, तितकं जोरात ओरडते."

मी सॉरी म्हणून फोन आत टाकला. झाकण लावलं. तेवढ्यात फोल्डिंगच्या खुर्चीवर बसलेल्या काकूंनी विचारलं, "किती शिट्ट्या झाल्या?"

मी काकांकडे पाहिलं. काका डिटेक्टर जोडता जोडता अगदी सहज म्हणाले, "दोन झाल्या. एक बाकी आहे."

"मग गॅस बारीक करा," काकू म्हणाल्या.

"केला."

हे दर शनिवारी, आणि एकाच शनिवारी कितीदा तरी. काकांच्या उत्तराचा सूर कधी बदलला नाही.

काका काकूंच्या मांडीवर हिरवी प्लास्टिकची थाळी द्यायचे. सोनं धुवायची असते ती. त्यात ओढ्यातली ओंजळभर वाळू. काकू ती सुपात घोळवल्यासारखी घोळवायच्या आणि खडे निवडून बाजूला टाकायच्या. हँक नावाचा एक दाढीवाला म्हातारा त्याच ओढ्यावर वर्षानुवर्षं येतो. तो हे बघून थक्क झाला. म्हणाला, "पांडा, युअर वाइफ हॅज अ बेटर रिस्ट दॅन ऑल ऑफ अस." पांढरीपांडे हे नाव त्याच्या तोंडात मावत नाही, म्हणून त्याने काकांचा पांडा करून टाकला होता.

मग काका हेडफोन लावून सुरुवात करायचे, आणि थोड्याच वेळात ओरडायचे, "कोण वाजून राहिलं बे?"

इथे कोणीच वाजायला नको होतं. विजेच्या तारा कितीतरी लांब. घर नाही, दुकान नाही. हँक ओढ्याच्या पलीकडे. फोन कुकरात. तरी त्यांच्या कानात काहीतरी खरखरत होतं, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

"अबे, तुझ्या अंगावर काय आहे?"

मी खिसे उलटे केले. पट्ट्याचं बक्कल काढून दिलं. पुढच्या वेळी इलॅस्टिकची पँट घालून आलो.

"दातात काही आहे का?"

"एक कॅप आहे. मागची दाढ."

"हं," काका म्हणाले. त्या 'हं'मुळे मी पुढच्या शनिवारपर्यंत डेंटिस्टला विचारून आलो की माझी दाढ काही प्रसारित करते का. डेंटिस्ट हसली. मी तिला सॉरी म्हणालो.

"काकूंच्या गळ्यातलं ते?" मी एकदा भीतभीत सुचवलं होतं.

"ते मी तपासलं आहे," काका तोडून बोलले. "क्लीन आहे. इथे रेंज नाही, पडून आहे नुसतं. तू आपलं पाहा."

ज्या माणसाने आयुष्यभर हेच तपासलं त्याच्यावर मी काय शंका घेणार? मी आपलं पाहिलं.

हँकने एकदा काकांना सांगितलं, यंत्राची संवेदनक्षमता थोडी कमी कर, किंवा ते नॉइज घालवायचं बटण असतं ते दाब. सगळे तेच करतात. काका म्हणाले, "नो, नो. बटन डझ नॉट रिमूव्ह नॉइज. बटन ओन्ली क्लोजेस युअर इअर्स." हँकने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

आणखी एक विचित्र गोष्ट. काका काकूंच्या खुर्चीभोवतीच फिरायचे. घाण्याच्या बैलासारखे. वळणावर खडकांच्या फटी होत्या, तिथे हँकला मागे एक छानसा कण सापडला होता, पण काका तिकडे फिरकायचे नाहीत. खुर्चीपासून पंधरा-वीस फूट गेले की थांबायचे, मान वाकडी करायचे, मागे यायचे. इतक्या शनिवारांत त्या वर्तुळात त्यांना मिळालेली संपत्ती म्हणजे गंजके खिळे, बाटल्यांची बुचं, बंदुकीची एक जुनी गोळी आणि घोड्याच्या नालाचा अर्धा तुकडा. नाल आमच्या घरी आहे. मेधाने विचारलं, "सोनं कुठंय?" मी म्हणालो, "माझ्यामुळे मिळत नाहीये." मला तसं खरंच वाटत होतं. एका म्हाताऱ्या माणसाची एकच हौस, आणि मी दर शनिवारी तीन तास गाडी चालवून ती नासवायला जात होतो.

शेवटी या वसंतात मी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. बर्फ वितळत होतं, ओढा फुगून खडकांवर आदळत होता. काकांनी हेडफोन लावले, काकूंची थाळी भरून दिली, आणि नेहमीप्रमाणे, "कोण वाजून राहिलं बे?"

"काका," मी म्हणालो, "मी जातो."

"कुठे?"

"वर, वळणापलीकडे. मी लांब गेल्यावर नॉइज थांबला तर तो माझाच. मग मी पुढच्या वेळेपासून गाडीतच बसत जाईन."

काका काहीतरी बोलणार होते. मला आता आठवतं, त्यांचं तोंड उघडलं होतं. पण मी थांबलो नाही. घड्याळ, फोन, किल्ली सगळं कुकरातच आहे ना, ते उघडून पुन्हा पाहिलं. घाईत झाकण नुसतं ठेवलं, फिरवून बसवलं नाही. काकूंना म्हणालो, "येतो हं काकू." त्या म्हणाल्या, "जेवायला या. कुकर लावला आहे."

वळणापलीकडे एका खडकावर जाऊन बसलो. थंड वारा होता. आपण कुणाच्याही वाटेत नाही, कुणाच्याही कानात खरखरत नाही, ही भावना फार सुखाची असते. ती मी उपभोगत होतो. आणि ओढ्याच्या खळखळाटावरून काकांची हाक आली. शब्द कळले नाहीत, पण मोठी हाक होती.

झालं, मी मनात म्हणालो. नॉइज थांबला. मीच तो.

उतारावरून पळत आलो. माफी तोंडात तयार होती. "काका, सॉरी! माझाच होता! मी खरंच—"

"गप बस!" काका ओरडले. "ती कुठे आहे?"

खुर्ची रिकामी होती. हिरवी थाळी पालथी पडली होती. आणि डिटेक्टर, ज्याची चकती काका घरी नेऊन मऊ मलमलीने पुसतात, तो वाळूत आडवा पडला होता, हेडफोन पाण्यात लोंबत.

काका गुडघाभर पाण्यात शिरले होते. "कुमुद! कुमुद!" काका एरवी त्यांना "अगं" म्हणायचे. त्यांच्या तोंडून नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्या पाण्यात माणूस उभा राहू शकत नव्हता, तरी ते पुढे चालले होते. मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं.

"मदत मागवू या," मी म्हणालो. "थोडं खाली गेलं की रेंज येते. फोन—" आणि कुकराकडे वळलो.

कुकर नव्हता.

ओढ्याने कुकर नेला नसता. तो पाण्यापासून लांब, सपाट दगडावर ठेवला होता. मग मी चढावरून गाडीकडे धावलो.

काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या. पट्टा लावलेला. मांडीवर कुकर. स्वेटरच्या बाह्या खाली ओढून दोन्ही हातांनी तो धरला होता, गरम भांडं धरतात तसा.

"हळू," त्या मला म्हणाल्या. "वाफ आहे."

मी खाली बघून ओरडलो, "काका! इथे आहेत! काकू इथे आहेत!"

काका वर आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बुटांतून पाणी. दाराशी उभे राहिले. मला वाटलं, आता रागावतील. कुणीही रागावलं असतं. ते पलीकडच्या दाराने आत शिरले आणि काकूंच्या शेजारी बसले.

"इतक्यात उघडू नका," काकू म्हणाल्या. "वाफ जाऊ द्या."

"बरं," काका म्हणाले.

आणि दोघं बसून राहिले. कितीतरी वर्षांत चुलीवर न चढलेल्या त्या गार कुकरातली वाफ जायची वाट बघत. मी बाहेर उभा होतो. मला निघून जावंसं वाटत होतं, पण किल्ली कुकरात होती.

"किती शिट्ट्या झाल्या?" थोड्या वेळाने काकांनी विचारलं. या वेळी त्यांनी.

"तीन," काकू ठामपणे म्हणाल्या. गणिताच्या बाईंचा आवाज.

"मग झालं."

काकूंनी झाकणाला बोट लावून पाहिलं, मान डोलावली. काकांनी कुकर उघडला. माझा फोन, घड्याळ, किल्ली, आणि सगळ्यांच्या वर ते पदक.

"सगळे टाकत होते ना," काकू म्हणाल्या, "म्हणून मी पण टाकलं. झाकण उघडं होतं, ते पण नीट लावून दिलं. बरोबर केलं नं?"

"एकदम बरोबर," काका म्हणाले आणि पदक त्यांच्या गळ्यात घातलं. साखळीत अडकलेला एक केस हळूच सोडवला.

आम्ही तिघं पुन्हा खाली आलो. काकू खुर्चीवर बसल्या. काकांनी डिटेक्टर उचलला, हेडफोन शर्टाला पुसले, चालू केला. मग ते हेडफोन माझ्या कानावर चढवले.

खर्र, खर्र, खर्र. थांबलं. पुन्हा खर्र, खर्र.

"रेंज नसली की जोरात ओरडते," काका म्हणाले. "सांगितलं होतं नं तुला?"

"म्हणजे वर्षभर हेच..."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सॉरी म्हणालो. मग ते म्हणाले, "चकती फिरवायची तर नजर जमिनीवर ठेवा लागते. मान वर करून पाहत राहिलो की तिला वाटते, आपल्यावर पहारा ठेवून राहिले. तिला ते आवडत नाही. म्हणून कानात ठेवतो. खर्र येऊन राहिलं म्हणजे मागे आहे. निवडून राहिली आहे. आज एकदम गप्प झालं. इतकं क्लीन मी या ओढ्यावर कधी ऐकलं नव्हतं."

"मग मला का बोलत होता इतके दिवस? माझी दाढ तपासून घेतलीत तुम्ही!"

"तुझी दाढ तूच तपासून घेतली," काका म्हणाले. मग आवाज खाली आणला. "अरे, हे लोक विचारतात, कसला आवाज आहे, यंत्र का बिघडलं. कोणाचं तरी नाव सांगा लागते. तिच्यामुळे आहे असं तिच्या कानावर गेलं तर ती काढून ठेवील ते. लोकांना आपला त्रास नको म्हणून. ती तशीच आहे, पहिल्यापासून."

"आणि माझ्यावर ढकललं तर चालतं?"

"तुला चालते," काका म्हणाले. "तुला सवय आहे."

खरं होतं ते.

काका वाळूकडे बघत उभे होते. "गप्प झालं नं, त्याच वेळी एक सूर आला होता," ते म्हणाले. "चकतीखाली. एवढासा. पुटपुटल्यासारखा. इतके दिवस खर्रच्या खाली असेल तो."

"कुठे? खणू या का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. डिटेक्टर टाकून पळाले होते, जागा कशी आठवणार? आणि आता पदक पुन्हा खरखरत होतं, त्यात ते पुटपुटणं ऐकू येणार नव्हतं. मला वाटलं, ते म्हणतील, दोन मिनिटं ठेव ते कुकरात. पण तसं ते म्हणाले नाहीत.

"राहू दे," काका म्हणाले. "सोन्याचं बरं असते. असते तिथेच राहते."

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. तीच खुर्ची, तेच वर्तुळ. आता मी काकूंजवळच बसतो आणि त्यांच्याबरोबर वाळू निवडतो. मला नीट जमत नाही, त्या माझे खडे पुन्हा तपासतात. दुपारी हँक ओढा ओलांडून आमच्या काठावर आला. खुर्चीजवळून जाताना त्याचं यंत्र असं काही किंचाळलं की त्याने हेडफोन कानावरून ओढून काढले.

"व्हॉट इन द वर्ल्ड इज मेकिंग दॅट नॉइज?"

काकूंचा हात थाळीतच थांबला. त्यांनी हँककडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि बोटं गळ्यातल्या पदकाकडे गेली.

"माझं काही चुकलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते.

मी उभा राहिलो. हात वर केला. "सॉरी, हँक," मी म्हणालो. "इट्स मी. माय टूथ."

"युअर टूथ?"

"सॉरी. व्हेरी सॉरी."

हँकने मान हलवली आणि माझ्यापासून लांब, वळणाकडे निघून गेला. काका खाली वाकून चकती फिरवायला लागले होते. पदकावरची बोटं सुटली. काकूंनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं, थाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं, "किती शिट्ट्या झाल्या?"

"दोन झाल्या काकू," मी म्हणालो. "एक बाकी आहे."